शेवटची बस

शर्यतीच्या अगदी पुढे धावणारा माणूस मान वळवून पाहतो, तेव्हा त्याला मागे कोणी नको असते. शर्यतीच्या शेपटाला धावणारा मात्र पाण्याच्या टेबलापाशी थांबतो आणि पेला ओठांना लावण्याआधी "मागे अजून कोणी आहे का हो?" असे विचारतो; त्याला मागे कोणीतरी असायला मनापासून हवे असते. हा प्रश्न मी स्वतः कितीतरी वेळा विचारला आहे. गेली काही वर्षे तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूने ऐकतो आहे आणि खरे सांगायचे तर त्याला पुष्कळदा खोटे उत्तर देतो आहे. "आहेत की, बरेच आहेत," असे मी म्हणतो, तेव्हा मागे बहुधा रिकामा रस्ता आणि सावकाश सरकत येणारी रुग्णवाहिका एवढेच असते.

मी पळायला लागलो तो सत्तेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवून घाबरवल्यावर. साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. तोवर आमच्याकडे पळणे हे पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचे काम मानले जात असे, आणि पहाटे एखादा पोक्त माणूस रस्त्याने पळताना दिसला, तर दूधवाला सायकल थांबवून "काय झालं सर, कोण आजारी आहे?" असे काळजीने विचारत असे. या शर्यतीने ते चित्र पालटले. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेने पठारावर जायचे आणि आल्या वाटेने उतरायचे, असा तो एकवीस किलोमीटरचा मार्ग आहे. म्हणजे ज्या अर्ध्या भागात अंगात बळ असते, त्यात ते चढावर खर्ची पडते, आणि उतारावर गुडघे बोलू लागतात तेव्हा आपल्याजवळ फक्त पश्चात्ताप शिल्लक असतो. माझी पहिली हाफ मॅरेथॉन तीन तासांच्या पलीकडे गेली. याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात लागोपाठ तीन वर्षे पहिली आली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. त्यामुळे जिल्ह्याचे नाव राखण्याची जबाबदारी सुदैवाने माझ्यावर नव्हती.

हाफ जमली म्हणून दोन वर्षांनी एका मोठ्या शहरातल्या पूर्ण मॅरेथॉनला नाव दिले. तेहेतिसाव्या किलोमीटरच्या आसपास दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, मी दुभाजकावर बसलो, आणि थोड्या वेळाने माझ्या शेजारी एक बस येऊन उभी राहिली. धावणाऱ्यांच्या बोलीत तिला स्वीपर बस म्हणतात; कटऑफच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या मुदतीच्या, मागे पडलेल्यांना ती गोळा करत येते. दारातला मुलगा अतिशय सौजन्याने म्हणाला, "काका, कटऑफ झालाय. बसून घ्या." मी बसून घेतले. त्या बसमधली शांतता मी आजवर दुसरीकडे कुठेही अनुभवलेली नाही. दहा-बारा माणसे होती, दुखण्यावरच्या स्प्रेचा उग्र वास कोंडला होता, प्रत्येकाच्या छातीवर आकडा टाचलेला बिब होता आणि प्रत्येकजण खिडकीतून बाहेर पाहत होता, कारण आत एकमेकांकडे पाहण्याची कोणाचीच तयारी नव्हती. बाहेर रस्त्यावर आमच्याच वेगाचा, पण आमच्याहून पाच मिनिटे पुढे असलेला एक गृहस्थ फरफटत चालला होता. बस त्याच्या बाजूने हळूच पुढे गेली, तेव्हा आतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे जसे पाहिले, तसे मी कोणत्याही विजेत्याकडे कोणाला पाहताना पाहिलेले नाही.

मला त्या वेळी लहानपणची मुक्कामी गाडी आठवली. मेढ्याहून आमच्या गावाला जाणारी रात्रीची शेवटची एसटी गावातच मुक्काम करी आणि पहाटे परत निघे. तिचा चालक गाडी सुरू करण्याआधी एकदा बाजारपेठेच्या रस्त्याकडे पाहून घेत असे. कोणी पिशवी सांभाळत पळत येताना दिसले, तर कंडक्टर घंटी द्यायचा थांबे. वेळापत्रक होतेच, पण ते माणसांसाठी आहे याचा विसर त्या दोघांना पडलेला नव्हता. स्वीपर बसची गोष्ट उलटी आहे. ती आपली वाट पाहत नाही, आपल्या मागावर असते.

तरीही कटऑफला मी दोष देत नाही. शर्यतीसाठी रस्ता बंद होतो म्हणजे कोणाची तरी रुग्णालयाची, स्टेशनची, लग्नाची वाट बंद होते. चौकाचौकात उभे असलेले पोलीस पहाटे तीनपासून उभे असतात, आणि ऊन चढू लागल्यावर दमलेल्या शरीराला धावू देणे हा वैद्यकीय पथकाच्या दृष्टीने जुगार असतो. ४२.१९५ किलोमीटरला सात तास दिले, तर किलोमीटरला जवळजवळ दहा मिनिटे मिळतात. भरभर चालणारा माणूसही हा वेग काही काळ राखू शकतो, सात तास राखणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. कुठेतरी रेष ओढावीच लागते. (ज्यांना रेष मान्य नाही, त्यांच्यासाठी जपानचे शिझो कानाकुरी आहेत. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये उन्हाने बेजार होऊन ते कोणाला न सांगता शर्यतीतून निघून गेले आणि १९६७ साली त्यांना पुन्हा तिथे बोलावून ती पूर्ण करवण्यात आली. वेळ लागला ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि २०.३ सेकंद.) माझे म्हणणे एवढेच आहे की, शर्यतीचा स्वभाव तिच्या विजेत्यावरून कळत नाही. विजेत्याशी सगळेच चांगले वागतात. त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे लटकलेल्या माणसांशी ती कशी वागते, यावरून तो कळतो.

या बाबतीत वाईट वागणूकही मी पाहिली आहे. एका शर्यतीत आम्ही काहीजण दिलेल्या वेळेच्या आत, चांगली वीस मिनिटे राखून पोचलो, तर समाप्तीची कमान अर्धी उतरवलेली होती, ध्वनिक्षेपकाच्या तारा गुंडाळल्या जात होत्या आणि पदके संपली होती. "घरी पाठवू," असे सांगण्यात आले. पदक आले नाही याचे मला फारसे दुःख नाही. जस्ताच्या त्या चकत्या घरात ढिगाने पडल्या आहेत. पण त्याच दिवशी शेवटच्या दोन पाणवठ्यांवर पाणीही संपले होते, आणि ज्यांना रस्त्यावर सर्वांत जास्त वेळ घालवायचा होता, त्यांच्याच वाट्याला कोरडी टेबले आली. हिशेब करणाऱ्याने माणसे मोजली होती, तास मोजले नव्हते.

या सगळ्याचा विचार करू लागलो, की दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन हटकून आठवते. महाराष्ट्रातून, विशेषतः मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांतून आता दरवर्षी धावपटू तिथे जातात. मी गेलेलो नाही आणि माझ्या गुडघ्यांच्या मते जाणारही नाही. पण शर्यतीच्या रविवारी रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास, तिथली संध्याकाळ होत असताना, तिचे थेट प्रक्षेपण मी चुकवत नाही. विक क्लॅफम नावाच्या रेल्वे इंजिनचालकाने पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतली भयानक पायपीट सोसली होती, आणि तिथे मेलेल्या सोबत्यांची आठवण दगडात कोरण्याऐवजी माणसांच्या सहनशक्तीत जागती ठेवावी, या हेतूने त्याने ही शर्यत मांडली. २४ मे १९२१ रोजी चौतीसजण निघाले आणि सोळा पोचले. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधले सुमारे नव्वद किलोमीटरचे डोंगराळ अंतर साधारणपणे एका वर्षी चढते आणि दुसऱ्या वर्षी उतरते धावायचे असते. हल्ली त्यासाठी बारा तास मिळतात, म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटे, तीही दिवसभर.

बारा तास संपत येतात, तेव्हा एक पदाधिकारी समाप्तिरेषेपाशी येऊन धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो. कोण येत आहे, किती जवळ आले आहे, हे त्याला दिसू नये म्हणून ही पाठ. वेळ झाली की तो बंदुकीचा बार काढतो. एक पाऊल मागे राहिलेला माणूस शर्यत पूर्ण न केलेला ठरतो. त्याला पदक नाही, निकालात वेळ नाही. पहिल्यांदा हे पाहिले, तेव्हा मला ते क्रूर वाटले होते. नंतर लक्षात आले की, त्या शेवटच्या दहा मिनिटांत मैदानातली एकही खुर्ची रिकामी नसते. सकाळी साडेपाच तासांत जिंकून गेलेला कोण, हे कदाचित विसरले गेलेले असते. पण शेवटच्या मिनिटात रेषेकडे रांगत येणाऱ्या अनोळखी माणसासाठी हजारो माणसे उभी राहून ओरडत असतात. तिथे शेवटचा येणारा हा वर्तमानपत्राचा विषय होतो. नियम कडक आहे, पण तो पाळताना कोणी कमान उतरवत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

आणि तिथेही बस आहे! ठरावीक वेळेत पोचवण्याचे वचन देऊन एखादा अनुभवी धावपटू पुढे होतो आणि शेकडो माणसे त्याच्या मागे एका लयीत धावू लागतात, या जथ्यालाच तिथे बस म्हणतात आणि पुढच्याला चालक. तो सांगेल तेव्हा सगळ्यांनी चालायचे, तो सांगेल तेव्हा पळायचे, चढावर एकाने श्रमगीताची ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उचलायची. बारा तासांच्या मुदतीत जेमतेम पोचणाऱ्या बसेस तर सर्वांत भरलेल्या आणि सर्वांत गोंगाट करणाऱ्या असतात. माझ्या त्या मुक्या बसमधल्या दहा-बारा जणांना आठवले, की वाटते, दोन्हींतली माणसे एकाच जातीची. फरक एवढाच की एकीत आम्हाला भरले होते आणि दुसरी माणसांनी आपण होऊन बनवली आहे.

कॉम्रेड्सच्या इतिहासात वॉली हेवर्ड हे नाव मोठे आहे. १९३० ते १९५४ या काळात त्याने ही शर्यत पाचदा जिंकली. पण मला त्याच्याबद्दल माया वाटते ती १९८९ मुळे. आदल्या वर्षी, एकोणऐंशीव्या वर्षी, त्याने ती पावणेदहा तासांत पूर्ण केली होती. ऐंशीव्या वर्षी तो पुन्हा उतरला. तेव्हा मुदत अकरा तासांची होती आणि तो पोचला तेव्हा तिच्यातली फक्त एक मिनिट सत्तावन्न सेकंदे उरली होती. पाच वेळा सर्वांच्या पुढे आलेला माणूस सर्वांच्या मागे राहण्याचा धोका पत्करून येतो, याचे मला जिंकण्यापेक्षा अधिक अप्रूप वाटते. याच शर्यतीने १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या स्त्रीचा प्रवेश नाकारला होता, हेही सांगायला हवे. ती तरीही धावली, अकरा तास पस्तीस मिनिटांत पोचली. तिला पदक मिळाले नाही, पण प्रेक्षकांनी आणि सहधावपटूंनी वर्गणी काढून तिला चांदीचा चहाचा संच दिला. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ उजाडले. म्हणजे मैदानातल्या माणसांना कोणाला मोजायचे हे कळले होते, नियमाला ते कळायला बावन्न वर्षे लागली.

आता ज्या धावांत मोजदादच नसते, त्यांच्याकडे. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय अठराव्या वर्षी हाडांच्या कर्करोगामुळे कापावा लागला. कर्करोग संशोधनासाठी पैसा उभा करायला त्याने १२ एप्रिल १९८० रोजी अटलांटिक किनाऱ्यावरून देश ओलांडायला सुरुवात केली, कृत्रिम पायाने रोज साधारण एक मॅरेथॉन याप्रमाणे १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापले आणि १ सप्टेंबरला थंडर बेजवळ तो थांबला, कारण रोग फुप्फुसांत पोचला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला आणि सप्टेंबरपासून त्याच्या नावाची धाव सुरू झाली, जी पुढे मुंबईसह जगभर पोचली. तिला वेळ लावत नाहीत, क्रमांक देत नाहीत. देश पुरता ओलांडण्याआधीच थांबावे लागलेल्या, कटऑफवाल्यांच्या भाषेत डीएनएफ ठरलेल्या, म्हणजे शर्यत अपुरी सोडलेल्या एका मुलाच्या नावाने भरणाऱ्या धावेत दुसरे काही शोभलेही नसते.

अशा धर्मादाय धावांना नाके मुरडणारे गंभीर धावपटू मला माहीत आहेत, आणि काही वर्षे मीही त्यांच्यात होतो. मुंबई मॅरेथॉनमधल्या सहाएक किलोमीटरच्या ड्रीम रनकडे पाहून आम्ही हसायचो: कोणी झाड बनून आला आहे, कोणी फलक धरून चालतो आहे, निम्मी मंडळी फोटो काढण्यासाठी थांबली आहेत, आणि टी-शर्टच्या खर्चातून किती मदत झाली असती, हा हिशेब तर आमच्या तोंडावरच असे. तो हिशेब अगदीच चुकीचा आहे असे मी आजही म्हणणार नाही. पण एकदा त्या गर्दीत एका संस्थेच्या चाकाच्या खुर्च्यांमागून चाललो, तेव्हा जाणवले की, रस्ताभर कोणीही "मागे कोणी आहे का?" असे विचारले नाही. विचारायला कोणी शेवटचा असायला हवा ना.

दुसऱ्या टोकाला अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब, कधीकधी अनेक दिवस चालणाऱ्या शर्यती आहेत आणि तिथे शेवटच्या माणसाचे गणित फारच चमत्कारिक होते. अथेन्स ते स्पार्टा या २४६ किलोमीटरच्या स्पार्टाथ्लॉनला छत्तीस तास मिळतात, पण वाटेत पंचाहत्तर तपासणी नाकी आहेत आणि प्रत्येकाला आपला स्वतंत्र कटऑफ आहे, म्हणजे तिथे बस पंचाहत्तर वेळा येते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९९७ पासून ३,१०० मैलांची शर्यत होते. एका शाळेभोवतीच्या पाऊण-एक किलोमीटरच्या चौकोनाला पाच हजार सहाशेहून अधिक फेऱ्या, मुदत बावन्न दिवस, म्हणजे रोज सुमारे शहाण्णव किलोमीटर. बॅकयार्ड अल्ट्रा हा प्रकार तर मला तत्त्वज्ञानाच्या परीक्षेतल्या प्रश्नासारखा वाटतो: दर तासाला ६.७ किलोमीटरची एक फेरी, आणि पुढच्या तासाच्या घंटेला जो उभा राहू शकणार नाही तो बाद. शेवटी एकच उरतो, आणि त्याच्याशिवाय सर्वजण, दुसरा आलेलासुद्धा, डीएनएफ. गंमत अशी की, विजेत्याला दुसऱ्यापेक्षा फक्त एकच फेरी अधिक मारता येते. दुसरा जिथे थांबतो, त्यावर पहिल्याचे अंतर ठरते. तिथे प्रत्येकाला सोबत कोणीतरी हवेच असते.

धावण्यावर मराठीत लिहिताना वारीचा दाखला देण्याची एक रीत आहे. मी ती टाळतो, कारण वारीला एकादशीची तारीख असली, तरी द्वादशीला पोचलेल्याला पांडुरंग डीएनएफ म्हणत नाही.

मुंबईची पूर्ण मॅरेथॉन मी अखेरीस पूर्ण केली, त्याचे श्रेय पेडर रोडला द्यावे लागेल. पस्तीस किलोमीटर मागे पडल्यावर तो चढ समोर येतो, उन्हाने डोके तापलेले असते, आणि नेमक्या त्या जागी इमारतींमधली माणसे घरातली टेबले रस्त्यावर आणून उभी असतात: संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की, बर्फाचे खडे. एका आजीबाईंनी माझ्या हातावर मीठ ठेवले आणि म्हणाल्या, "आधी हे चाट, मग संत्रं." मी म्हणालो, "आजी, अजून किती वेळ थांबणार?" त्या म्हणाल्या, "संत्री संपेपर्यंत. नातवाला अजून आणायला पाठवलंय."

घरी आल्यावर मी यवतेश्वरच्या घाटातल्या पाणवठ्यासाठी नाव दिले. पहिल्याच वर्षी शिकलो की, पाण्याचे टेबल चालवणे ही पळण्याहून अवघड गोष्ट आहे. पुढचे धावपटू पेला उचलत नाहीत, हिसकावतात, त्यामुळे तो तळहातावर सैल धरायचा; मधल्या लोंढ्यात तीनशे माणसे दहा मिनिटांत येतात आणि पोरे घाबरून पेले काठोकाठ भरू लागतात; आणि या सगळ्या धांदलीत केळ्यांचा एक घड व पाण्याचे दोन खोके टेबलाखाली, चादरीआड सरकवून ठेवायचे, ते कोणी मागितले तरी काढायचे नाहीत. मुलांना मी सांगून ठेवतो: हे मुक्कामी गाडीचे.

गेल्या खेपेला धुके दाट होते. लोंढा ओसरून बराच वेळ झाला होता, पोलीसदादा दोनदा घड्याळ दाखवून गेले होते, आणि पोरांनी चिरडलेले पेले पोत्यात भरायला घेतले होते. तेवढ्यात वळणावर आधी रुग्णवाहिकेचा पिवळा दिवा दिसला आणि मग त्याच्यापुढे एक बाई, पन्नाशीच्या, एका हाताने कंबर धरून, चालणे आणि पळणे यांच्या मधल्या कोणत्यातरी गतीने येताना दिसल्या. टेबलापाशी थांबल्या, पेला घेतला आणि विचारले, "मागं कोणी आहे का हो?"

धुक्यातून दिवा स्पष्ट दिसत होता. मला खोटे बोलवले नाही. "नाही ताई, तुम्हीच शेवटच्या."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पुढे सरकलेल्या पायांनी एक पाऊल मागे घेतले. "मघापासून सगळ्यांना वाट देऊन देऊन दमले. केळं आहे का?"

मी चादर बाजूला केली. त्यांनी कठड्यावर टेकून केळे सावकाश सोलले, अर्धे तोडून रुग्णवाहिकेच्या चालकाला दिले, आणि उरलेले खात चढाला लागल्या.